रूपाहून क्रिया थोर
(वऱ्हाडच्या भूमीतील चार दृष्टांत आणि त्यांचे दार्ष्टांतिक)

विषयप्रवेश

केसोबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. आधी सूत्र, नंतर दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक असा त्यांचा क्रम आहे. त्यांपैकी हत्तीचा दृष्टांत लहानथोर सर्वांच्या परिचयाचा आहे. काही दृष्टिहीन माणसे हत्ती चाचपून पाहतात. ज्याच्या हाती पाय येतो त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, ज्याच्या हाती कान येतो त्याला तो सुपासारखा वाटतो. प्रत्येकाचा अनुभव खरा असतो, परंतु निवाडा अपुरा असतो.

या दृष्टांताचे मूळ तात्पर्य परमेश्वराच्या ज्ञानासंबंधी आहे आणि त्याचे निरूपण पूर्वाचार्यांनी केलेले आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या एका अंगाचाच आश्रय घेतला आहे. हत्ती चाचपणारे दृष्टिहीन होते म्हणून त्यांची चूक आपल्या लगेच ध्यानी येते. पण डोळस मनुष्य तरी काय करतो? तोही एकाच इंद्रियाने वस्तू चाचपीत असतो. डोळ्याला वस्तूचा रंग कळतो, आकार कळतो, तकाकी कळते. ती वस्तू काय कार्य करते हे मात्र एका दृष्टिक्षेपात कळत नाही. त्यासाठी तिच्या सान्निध्यात कित्येक ऋतू काढावे लागतात. जो तेवढा धीर धरीत नाही तो रूपावरून निवाडा देऊन मोकळा होतो.

हा निवाडा निरुपद्रवी असता तर त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु घृणा ही हिंसेची पहिली पायरी आहे. जे कुरूप दिसते ते नकोसे होते. जे नकोसे होते ते एक तर मारले जाते किंवा निमूटपणे मरू दिले जाते. अहिंसा हा ज्यांचा आचार आहे त्यांनी केवळ हाताला आवरून भागत नाही, दृष्टीलाही वळण लावावे लागते. या दृष्टीने अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या भूमीत जे नित्य पाहावयास मिळते, त्यातील चार दृष्टांत येथे घेतले आहेत.

पहिला दृष्टांत : जंबेरीचा खुंट

श्रीक्षेत्र ऋद्धिपूर ज्या मोर्शी तालुक्यात आहे तो तालुका आणि शेजारचा वरूड तालुका संत्र्यांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. बहार धरलेली बाग पाहिली की पाहणाऱ्याचे चित्त प्रसन्न होते. हिरव्यागार पानांत केशरी फळे लगडलेली असतात आणि पाहणारा फळाची वाखाणणी करतो. त्या झाडाच्या बुंध्याशी, मातीपासून वीतभर उंचीवर, एक किंचित फुगीर सांधा असतो. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

बागाईतदारास तो सांधा पुरता ठाऊक असतो. संत्र्याचे झाड आपल्या मुळांवर उभे नसते. पन्हेरीत प्रथम जंबेरीचे बी पेरतात. जंबेरी ही लिंबाचीच एक रांगडी जात. तिचे झाड काटेरी, फळाची साल जाड आणि खडबडीत, रस आंबट. बाजारात त्या फळाला मागणी नाही, देवघरात स्थान नाही. रोप पुरेसे जाड झाले की त्याच्या खोडावर संत्र्याचा डोळा बांधतात. डोळा फुटून वाढीस लागला की जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. तेथून पुढे त्या झाडावर जंबेरीचे एकही पान दिसत नाही आणि एकही फळ लागत नाही. परंतु जमिनीत खोल जाणारी मुळे तिचीच राहतात. पाणी ती शोधते, अन्नरस ती चढविते, वाऱ्यावादळात झाड ती धरून ठेवते. वरूड तालुक्यातील शेंदूरजना घाट येथील पन्हेऱ्यांतून हजारो बागांना जी कलमे गेली, त्यांचा आधार हा असा आहे.

डोळा वीतभर उंचीवर बांधण्यालाही कारण आहे. संत्र्याच्या नाजूक खोडाला ओल्या मातीचा सतत संसर्ग झाला तर डिंक्या रोग जडतो, खोडातून डिंक पाझरू लागतो आणि झाड खचते. त्या ओलीशी गाठ घालण्याचे काम म्हणून खुंटाकडे सोपविलेले असते. जे फळ दिसते त्याला यश मिळते. जो खुंट दिसत नाही तो बाग तारून नेतो. संत्र्याचे रूप खोटे आहे असा याचा अर्थ नाही. ते रूप दुसऱ्या कोणाच्या क्रियेवर उभे आहे, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

दुसरा दृष्टांत : पूर्णाकाठचे पाणी

मोर्शीहून दक्षिणेस व पश्चिमेस उतरले की बागांचा प्रदेश मागे पडतो आणि पूर्णा नदीचे विस्तीर्ण खोरे लागते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागातील बराच मुलूख खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारे ९०० गावे या पट्ट्यात मोडतात.

या पट्ट्यात विहीर खणली असता पाणी लागते. पुष्कळदा ते ओंजळीत घेतले तर आरशासारखे नितळ दिसते. परक्या माणसाला वाटेल की ज्या गावाला एवढे निर्मळ पाणी आहे त्याला काय उणे? परंतु ते ओठाला लावताच खारेपणा जाणवतो. पिकाला दिले तर त्याहून मोठी हानी होते. वऱ्हाडची काळी माती अतिशय सूक्ष्म कणांची असते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. त्या भेगांत वरची माती पडून जमीन आपली आपण उलथली जाते. खाऱ्या पाण्यातील सोडियम या मातीत साचला की तिच्या कणांची एकमेकांशी असलेली जुळणी सुटते. मग पाणी खाली मुरत नाही, वर चिखल होतो, आणि वाळल्यावर दगडासारखी ढेकळे बनतात. नितळ पाण्याने जमीन नासते ती अशी.

त्याच गावात आषाढातील पावसाचे पाणी नाल्याने वाहत येते. ते गढूळ असते, मातकट असते, त्यात काडीकचरा असतो. रूपाची परीक्षा घ्यावयाची तर विहिरीच्या पाण्यापुढे ते उभे राहू शकणार नाही. परंतु त्यात मीठ नसते. शेततळ्यात ते अडविले तर पीक एखाद्या ओलिताने हाती लागते. म्हणून या पट्ट्यातील जाणता शेतकरी नितळ पाण्याकडे पाठ फिरवितो आणि गढूळ पाण्यासाठी तळे खणतो. पिण्याच्या पाण्यासाठी तर कित्येक गावांना सातपुड्याच्या पायथ्याशी, वारी भैरवगड येथे वान नदीवर बांधलेल्या हनुमान सागराचे पाणी नळाने आणावे लागले.

काळ्या मातीचीही तीच गोष्ट. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगाळून भेसूर दिसते. तरीही पाऊस सरल्यावर दोन-दोन महिने ओल धरून ठेवून कपाशी आणि तूर पोसते ती हीच माती. ज्या भेगा पाहून परका मनुष्य जमीन मेली असे म्हणेल, त्या भेगांतूनच पहिल्या पावसाचे पाणी खोलवर जाते.

तिसरा दृष्टांत : गिधाड

आतापर्यंतच्या दोन दृष्टांतांत रूपाची भूल शेतकऱ्याने अनुभवाने ओळखलेली आहे. तिसऱ्या दृष्टांतात ती ओळखण्यास उशीर झाला, आणि त्या उशिराचे मोल फार मोठे पडले.

गिधाडाइतकी घृणा दुसऱ्या कोणत्या पक्ष्याच्या वाट्याला आली असेल असे वाटत नाही. बोडके डोके, उघडी लांब मान, वाकडी चोच, मेलेल्या जनावरावर झुंबड. भाषेतही त्याचे नाव शिवीसारखेच वापरले जाते. दुसऱ्याच्या संकटावर टपून बसणाऱ्या माणसाला गिधाड म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः गिधाड कोणावर संकट आणीत नाही. जे मेले आहे तेच ते खाते.

त्याचे जे अंग कुरूप वाटते तेच त्याच्या कामाचे हत्यार आहे. शवाच्या आत डोके घालून खाणाऱ्या पक्ष्याच्या डोक्यावर दाट पिसे असती तर ती रक्तामांसाने माखून कुजली असती. बोडके डोके उन्हात लवकर वाळते व स्वच्छ राहते. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की काळपुळीसारख्या भयंकर रोगाचे जंतूही त्यात बहुतांशी नष्ट होतात. गिधाडांचा थवा उतरला की गावाबाहेर टाकलेल्या गुराचे शव अल्पावधीत निव्वळ हाडांच्या सापळ्यावर येई. दुर्गंधी नाही, माश्या नाहीत, पाण्याला दूषितपणा नाही. हे काम कोणी सांगितलेले नव्हते आणि त्याची मजुरीही कोणी देत नव्हते.

१९९० नंतरच्या दशकात गिधाडे दिसेनाशी होऊ लागली. वऱ्हाडातील वडीलधाऱ्या मंडळींनी आपल्या तरुणपणी ज्या आकाशात त्यांची रिंगणे पाहिली होती ते आकाश रिकामे झाले. देशभर केलेल्या गणनांवरून असे आढळले की १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहूनही अधिक घटली. लांब चोचीच्या गिधाडांचीही स्थिती जवळपास तशीच होती. प्रथम कोणालाच कारण उमगेना. २००४ साली ते उघडकीस आले. गुरांच्या दुखण्यावर आणि सुजेवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध त्याला कारण होते. ज्या जनावराला मरणापूर्वी थोडे दिवस आधी हे औषध टोचले असेल, त्याचे मांस खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत ते मरते. शंभर शवांत एका शवापेक्षाही कमी प्रमाणात हे औषध असले तरी एवढा संहार होण्यास ते पुरेसे आहे, असे अभ्यासकांनी गणिताने दाखवून दिले. गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते, त्यामुळे ही हानी भरून निघणे अशक्य झाले.

गिधाडे गेल्यावर शवे कुजू लागली. त्यांवर मोकाट कुत्री पोसली गेली आणि कुत्र्यांबरोबर पिसाळ रोगाचे भय वाढले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुमानाप्रमाणे २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे ५ लाख माणसे अधिक मृत्यू पावली. ज्याला अशुभ म्हणून हाकलले जात होते, ते गावाच्या वेशीबाहेर माणसांचे रक्षण करीत होते. हे समजण्यासाठी ते आधी नाहीसे व्हावे लागले.

घुबडाच्या बाबतीतही घृणेचे कारण असेच आहे. गव्हाणी घुबडाचा चपटा, थाळीसारखा चेहरा पाहून माणसे दचकतात. परंतु ती थाळी म्हणजे आवाज गोळा करणारे सूपच आहे. गवतातून सरकणाऱ्या उंदराची चाहूल त्या चेहऱ्यावरून घुबडाच्या कानांकडे वळविली जाते आणि गडद अंधारातही ते नेम धरू शकते. रानपिंगळा या लहान घुबडाची कथा तर अधिक बोधप्रद आहे. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद मिळाली नव्हती आणि तो नामशेष झाला असे समजले जात होते. १९९७ साली खानदेशात शहाद्याजवळ तो पुन्हा आढळला आणि पुढे अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातही त्याची वस्ती असल्याचे दिसून आले. घुबड दिवसा दिसले तर अपशकुन मानणाऱ्या समाजात, दिवसा वावरणारा हा पक्षी ११३ वर्षे शास्त्रज्ञांच्या नजरेतून निसटला होता.

चौथा दृष्टांत : रायमुनिया

आता उलट बाजू पाहावी. सातपुड्याच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला, पडीक वावरात रायमुनियाची झुडपे दाट माजलेली दिसतात. अन्यत्र तिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. तिच्या फुलांचे गुच्छ मोठे मोहक असतात. एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुले एकत्र नांदतात. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती शोभेसाठी आणली गेली. तिची निवड झाली ती निव्वळ रूपावर.

आज देशातील वाघांच्या अधिवासापैकी सुमारे ४० टक्के क्षेत्रात तिचा शिरकाव झालेला आहे. ती जेथे माजते तेथे गवत उगवत नाही. गवत नाही म्हणून हरणांना चारा नाही. तिचा पाला गुरांनी खाल्ला तर यकृताला विकार होतो आणि उन्हात कातडी सोलवटते. तिची काळी फळे पाखरे खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात, त्यामुळे तिचा प्रसार थांबत नाही. संत्र्याखालच्या जंबेरीला शोभा नाही, पण ती बाग तारते. रायमुनियाला शोभा आहे, आणि ती रान ओसाड करते.

पूर्वपक्ष आणि त्याचे निरसन

येथे तीन आक्षेप संभवतात. त्यांचा विचार केल्यावाचून दार्ष्टांतिकाकडे वळणे उचित होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, रूप जर एवढे गौण असेल तर सृष्टीत ते कशासाठी आहे? फुलाला रंग का, संत्र्याच्या मोहोराला सुगंध का? याचे उत्तर असे की, रूपही क्रियेचेच एक साधन आहे. रायमुनियाच्या गुच्छातील पिवळ्या फुलांत मध असतो. मध संपला आणि फुलाचे काम झाले की त्याचा रंग गुलाबीकडे झुकतो. मध कोठे शिल्लक आहे हे फुलपाखराला रंगावरून कळते. मनुष्याला जी शोभा वाटते ती त्या फुलाची भाषा आहे, आणि ती माणसाला उद्देशून बोललेली नाही. तात्पर्य, रूप त्याज्य नाही. ते कोणाच्या कामासाठी आहे हे न जाणता त्याच्यावरून थोरवी ठरविणे त्याज्य आहे.

दुसरा आक्षेप असा की, रायमुनिया जर घातक आहे तर तिलाच दोष का देऊ नये? परंतु झुडपाने आपली क्रिया बदललेली नाही. तिच्या मूळ देशात तिच्यावर उपजीविका करणारे कीटक आहेत, तेथे तिची मर्यादा राखली जाते. मर्यादेबाहेर तिला आणले ते माणसाने, आणि आणताना तिची क्रिया पाहिली नाही, शोभा पाहिली. दोष पाहण्यात आहे. जंगलातून तिला हटविण्याचे काम आज करावे लागते ते त्याच दोषाचे परिमार्जन आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. उपयोग हेच जर थोरवीचे माप धरले, तर जे निरुपयोगी झाले त्याचे काय? औताला न चालणारा बैल, आटलेली गाय, अंथरुणाला खिळलेला वृद्ध, यांना या मापाने काय न्याय मिळेल? हे माप निष्काळजीपणे वापरले तर घृणेची जागा स्वार्थ घेईल, आणि हिंसा तेथल्या तेथेच राहील.

या आक्षेपाचे उत्तर लीळाचरित्रातील सशाच्या प्रसंगात सापडते. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयाला आला. पारध्यांनी तो मागितला, स्वामींनी दिला नाही. शरण आलेल्याला देता येत नाही, एवढेच कारण तेथे पुरेसे होते. ससा कोणाच्या काय उपयोगाचा, हा प्रश्न तेथे उपस्थितच झाला नाही. यावरून दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. जीवाच्या रक्षणाला उपयोगाची अट नाही. उपयोग आणि क्रिया यांचा विचार करावयाचा तो ज्ञानासाठी, म्हणजे वस्तू यथार्थ ओळखण्यासाठी. ज्याला वस्तूची क्रिया कळली त्याची घृणा गळून पडते. रक्षणाचा अधिकार मात्र घृणा गळण्यापूर्वीही त्या जीवाला असतोच.

गिधाडाच्या दृष्टांतात या विचाराला आणखी एक खोल अर्थ आहे. डायक्लोफिनॅक गुरांना कोणी दुष्टाव्याने दिले नव्हते. म्हाताऱ्या, लंगडत्या बैलाला वेदना होऊ नयेत म्हणून शेतकऱ्याने ते टोचून घेतले. ती दयाच होती, आणि दिसावयास ती निर्दोष होती. तरीही तिच्या पोटी एवढा संहार झाला. म्हणजे रूपाची भूल केवळ पक्ष्याच्या बाबतीत पडते असे नाही, कर्माच्या बाबतीतही पडते. सुंदर दिसणारे कर्म देखील त्याची क्रिया पुढे कोठपर्यंत पोहोचते हे पाहूनच ओळखावे लागते. याचा अर्थ दया सोडावी असा नव्हे; दयेला ज्ञानाची जोड हवी. मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना अपाय करीत नाही हे परीक्षणांती सिद्ध झालेले आहे. बैलाची वेदनाही शमते आणि गिधाडही वाचते.

दार्ष्टांतिक

या चार दृष्टांतांचे दार्ष्टांतिक माणसांच्या जगात कसे लागू पडते हे पाहण्यासाठी वऱ्हाडाबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर पुढे गाडगेबाबा म्हणून ख्यातीस आले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, डोक्यावर फुटके गाडगे, एका कानात कवडी आणि हातात खराटा असा त्यांचा वेष. अनोळखी गावात त्यांना कोणी भिकारी म्हणे, कोणी वेडा म्हणे. ते काही न बोलता रस्ता झाडू लागत. सायंकाळी कीर्तनाला तेच उभे राहिले की सकाळी हुसकावणाऱ्यांच्या माना खाली जात. पूर्णाकाठी ऋणमोचन येथे त्यांनी घाट बांधविला, पंढरपूर, नाशिक अशा क्षेत्री धर्मशाळा उभ्या केल्या, आणि स्वतःसाठी मात्र एक झोपडीही ठेवली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचा देह पडला. ज्यांना शाळेचा उंबरठा पाहावयास मिळाला नाही त्यांचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे.

त्याही पूर्वी, तेराव्या शतकात, ऋद्धिपुरात श्रीगोविंदप्रभूंना परक्या लोकांनी वेडे म्हटले. त्यांचे चालणे, बोलणे, हसणे, रुसणे लौकिक मापात बसत नव्हते. परंतु ज्या ऋद्धिपूरकरांनी त्यांच्या सान्निध्यात ऋतू काढले, त्यांनी त्यांना आईबापाच्या ठायी मानले. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्यांच्या चरित्रात विद्वानांच्या परीक्षेपेक्षा त्या गावातील साध्या स्त्रीपुरुषांची ओळखच अधिक खरी ठरलेली दिसते. त्यांनी रूप पाहिले नाही असे नाही. रूप पाहूनही ते थांबले, आणि क्रिया दिसेपर्यंत थांबले.

हाच विचार साधकाने अखेर स्वतःकडे वळवावयाचा आहे. भिक्षूचा वेष ही खूण आहे. जंबेरीवर बांधलेल्या डोळ्याप्रमाणे ती लोकांना दिसते. वेष पाहून लोक दंडवत घालतात आणि साधकाला क्षणभर वाटते की मान आपल्याला मिळाला. खुंटाची मुळे जमिनीत काय करीत आहेत हे कोणी विचारीत नाही. भिक्षेत मिळालेल्या अन्नाविषयी समता आहे की नाही, एकांतात स्मरण होते की नाही, आजारी सहसाधकाच्या अंथरुणाशी बसण्याची वेळ आली तर पाय मागे येतो की पुढे जातो, याचे उत्तर वेषात नसते. वासनिकाचीही तीच कसोटी. देवपूजेचे ताट लखलखीत असावे हे योग्यच. परंतु त्याच घरात म्हाताऱ्या बैलाला पाणी कोण दाखवितो, यावर त्या घराचे खरे माप लागते.

गिधाडांच्या रक्षणासाठी पुढे काही पावले पडली. डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्यांतून ते गुरांना दिले जाऊ लागले, म्हणून २०१५ साली कुपीचा आकार ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला. गिधाडांना तितक्याच घातक असलेल्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांचा पशूंसाठी वापर २०२३ साली बंद करण्यात आला. २०२४ साली हरियाणातील पिंजोर येथील संवर्धन केंद्रात वाढविलेली गिधाडे विदर्भातील पेंच आणि ताडोबा येथे आणण्यात आली.

कायद्याने जे व्हावयाचे ते होईल. गोठ्यातला निर्णय गोठ्याच्या धन्याकडेच राहतो. जनावर आजारी पडले असता पशुवैद्यकाला मेलोक्सिकॅम देण्याविषयी विचारावे. ज्या जनावराला कोणते औषध दिले हे ठाऊक नाही त्याचे शव उघड्यावर न टाकता पुरावे. शेताच्या बांधावरील जुन्या झाडाच्या ढोलीत घुबड असेल तर ती ढोली बुजवू नये. हरभऱ्यात आणि तुरीत घाटेअळी वेचणाऱ्या पाखरांना बसण्यासाठी काठ्या रोवाव्यात. आणि घरातील लहान मूल एखाद्या कुरूप दिसणाऱ्या जीवावर दगड उचलू लागले, तर त्याचा हात धरण्यापूर्वी तो जीव दिवसभर काय काम करतो हे त्याला शेजारी बसवून दाखवावे. ज्या मुलाने ते एकदा पाहिले, त्याचा हात पुढे धरावा लागत नाही.